धारचे विद्यापती आणि कळफलकावरील घातांक

धारच्या भोजराजाने भास्करभट्ट नामक पंडितास ‘विद्यापती’ ही पदवी दिली, असे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात नमूद आहे. इ. स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. याच भास्करभट्टाच्या पाचव्या पिढीत, १११४ साली, भास्कराचार्य जन्मास आले. पुढे पवारांच्या राजवटीमुळे धार व देवास ही नगरे मराठी माणसास घरची झाली. परंतु विद्येचे हे नाते त्याहून कितीतरी जुने आहे, आणि संगणकाच्या कळफलकावर घातांक लिहिताना आम्हांस त्याची आठवण होते.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशीस ‘या’ म्हणत. ‘याव’ म्हणजे तिचा वर्ग, ‘याघ’ म्हणजे घन, आणि ‘यावव’ म्हणजे चौथा घात. ‘याव १ या ३ रू ५’ असे लिहिले की वर्ग, त्यात मूळ राशीची तिप्पट आणि पाच, एवढे सारे एकाच ओळीत येई. घात वाढला की नाव लांबे, ही अडचण खरीच. ती देकार्त यांनी १६३७ साली दूर केली. राशीच्या उजव्या खांद्यावर त्यांनी लहान अंक बसविला आणि जगाने ती रीत उचलली.

हातास खांद्यावर लिहिणे सोपे. यंत्रास तसे नव्हे. १९५७ च्या फोरट्रान भाषेत घातासाठी दोन तारका (**) योजिल्या. १९६४ च्या बेसिक भाषेत वर जाणारा बाण आला. १९६३ च्या आस्की संकेतातही तो बाण होता. १९६७ च्या सुधारणेत त्याच्या जागी टोपीसारखे चिन्ह (^) बसले. आज इंग्रजी कळफलकावर ते सहाच्या अंकासह, शिफ्ट कळ दाबून उमटते.

अंक छोटा करून वर उचलण्याची सोयही आता आहे. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट व अधिक या कळा एकत्र दाबल्या की झाले. मात्र तेथे वरचेपणा ही केवळ वेशभूषा होय. समजा, देवासच्या एखाद्या शिक्षकाने प्रश्नपत्रिकेत दहाचा पाचवा घात असा लिहिला आणि ती साध्या मजकुरात उतरविली, तर अंक खाली घसरून १०५ उरतात. लक्षाचे एकशे पाच होतात, आणि गुण जातात ते निरपराध विद्यार्थ्याचे.

आमच्या अनुस्वाराची अशी गत होत नाही. तोही डोक्यावरच बसतो. पण युनिकोडमध्ये त्यास स्वतःचा संकेत आहे, म्हणून कोठेही नेला तरी तो गळत नाही. लहान ² आणि ³ यांनाही तसे संकेत आहेत. इतरत्र १०^५ असे लिहावे, आणि घात अनेक पदांचा असेल तर त्यास कंस घालावा.

‘याव’ नकलून घेणाऱ्या लेखनिकाचे अक्षर वाईट असले तरी वर्ग वर्गच राहत असे, कारण अर्थ जागेत नव्हता, अक्षरात होता. नव्या यंत्रापुढे बसताना विद्यापतींच्या वंशजाची ही जुनी रीत आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावी.