न्यायालयीन प्रकरण माहिती प्रणाली
जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची नोंद, तारखा, आदेश व निकाल सांभाळणारी, मुक्त स्रोत साधनांवर उभारलेली संगणकप्रणाली. प्रचलित नाव सीआयएस. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये न्यायव्यवस्थेच्या संगणकीकरणाचे राष्ट्रीय धोरण व कृती आराखडा मांडला. २००७ मध्ये ई-न्यायालय प्रकल्पास मंजुरी मिळाली (→ ई-शासन). या प्रकल्पांतर्गत ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली. उबुंटू, पीएचपी व पोस्टग्रेएसक्यूएल ही तिची मुख्य साधने. त्यांच्या वापरासाठी परवाना शुल्क भरावे लागत नाही (→ मुक्त स्रोत सॉफ्टवेअर).

तिची रचना दुहेरी आहे. राष्ट्रीय गाभा देशभर एकच असतो. परिघावरचा भाग मात्र प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेनुसार घडवला जातो. दिवाणी व फौजदारी कामकाजाचे नियम राज्यागणिक बदलत असल्याने ही तरतूद सर्वांत महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, नागपूर जिल्हा न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्याने तेथे त्याच न्यायालयाचा परिघ लागू होतो (→ नागपूर खंडपीठ). प्रत्येक प्रकरणास सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात ‘एमएच’ने होते. या नोंदींवर आधारित प्रलंबित प्रकरणांची जिल्हावार आकडेवारी २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर सर्वांस पाहता येते.