लावणे, उघडणे आणि बंद करणे

यंत्र चालू आहे की बंद, हे त्याच्या बटणाकडे पाहताच कळावे, ही अपेक्षा साधी वाटते. परंतु ती पुरी करण्याचे काम बटणाखालील शब्दावर सोपविले, की भाषेचा इतिहास आडवा येतो. मराठीपुरती ही अडचण कशी उत्पन्न झाली, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ‘लावणे’ हे क्रियापद घेऊ. ‘दार लाव’ म्हणजे मिटून घे. ‘दिवा लाव’ म्हणजे पेटव. एके ठिकाणी वाट अडते, दुसरीकडे प्रकाश सुरू होतो. वरकरणी हे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. पण दोहोंच्या मुळाशी ‘एक वस्तू दुसरीस भिडविणे’ हाच भाव आहे. फळी चौकटीस लागते, ज्योत वातीस लागते. खोपोलीची जलविद्युत १९१५ साली मुंबईस मिळू लागली. दिव्यातील वात गेली, तरी ‘लावणे’ राहिले, आणि पुढे पंख्याने व रेडिओनेही तेच उचलले. योगायोग असा, की तांत्रिक दृष्ट्याही हा शब्द चुकलेला नाही. बटण दाबले असता आत धातूचे दोन तुकडे एकमेकांस लागतात, म्हणूनच प्रवाह वाहतो.

उलट क्रियेसाठी शब्द पुष्कळ आहेत, आणि त्याचे कारण सामाजिक आहे. ‘विझविणे’ अशुभ मानून जुनी माणसे दिवा ‘मालवीत’ किंवा ‘शांत करीत’, दुकानही ‘वाढवीत’. यंत्राला असला संकोच परवडत नाही. तेथे फारसीतून आलेला ‘बंद’ स्थिरावला. त्याच्या मुळाशी बांधणे हा अर्थ आहे. अंगरख्याचे ‘बंद’ त्याची साक्ष देतात. मात्र आज दार बंद, नळ बंद, कारखाना बंद आणि बिघडलेले घड्याळही बंदच! ‘पंप बंद आहे’ या पाटीवरून पंप थांबविला आहे की नादुरुस्त आहे, हे कळत नाही.

खरा धोका याहून निराळा आहे. विद्युतशास्त्रात परिपथ ‘बंद’ म्हणजे पूर्ण, अर्थात प्रवाहित. ‘खुला’ म्हणजे तुटलेला. व्यवहारात नेमके उलट समजले जाते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की भोगावतीत पाणी सुटते. विजेचा खटका उघडला, की प्रवाह थांबतो. विजेस पाण्याची उपमा देऊन शिकविणाऱ्यांची गाडी येथे हमखास अडते. वर्गात ती चूक गुणांपुरती असते. खांबावर चढणाऱ्या वायरमनला ‘खटका बंद आहे’ असा निरोप गेला, तर त्याचे दोन अर्थ लागतात आणि त्यांतील एक प्राणघातक आहे.

शब्द टाळून खुणा वापराव्यात, हा उपाय जगाने केलाच आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९७३ च्या मानकात चालूसाठी उभी रेघ आणि बंदसाठी वर्तुळ दिले. त्यांस एक व शून्य मानले तर अर्थ लागतो. वर्तुळात पूर्ण झालेला परिपथ पाहिला, तर तो उलटा लागतो. दिशेचेही तसेच. ब्रिटिश वळणाने आपल्याकडे खटका खाली केला की दिवा लागतो, अमेरिकेत वर केला की.

माझ्या मते निदान धोक्याच्या जागी खटक्याची अवस्था सांगूच नये, तिचा परिणाम सांगावा. ‘तारेत वीज आहे’ आणि ‘तारेत वीज नाही’ या वाक्यांना मराठीत दुसरा अर्थ नाही.