परवाना कुणाच्या हाती?

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाजवळ दोन कागद असतात. पासपोर्ट त्याने स्वतः अर्ज करून मिळवलेला असतो. कामाच्या परवान्याचे तसे नाही. त्यावर नाव कामगाराचे असले, तरी तो मागायचा हक्क बहुतेक देशांत मालकाचा. मालक अर्ज करतो, मालक हमी देतो, आणि त्याने हात काढून घेतला की माणसाचे त्या देशात राहणेच धोक्यात येते. रियाधमधला सुतार आणि न्यू जर्सीतली संगणक अभियंता यांच्या पगारात, घरात, जगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोघेही एकाच दाव्याला बांधलेले आहेत.

हे कुठून आले, याचा माग काढत गेलो की उसाच्या मळ्यांशी पोचायला होते. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली. मॉरिशसच्या साखर मळेवाल्यांना आता ऊस तोडायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न पडला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर नेले गेले. बहुतेक कलकत्त्याहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडची माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती त्यांच्या वंशजांनी जपलेल्या सणाची.

या मजुरीला १८३७ साली कंपनी सरकारने कायद्याची चौकट दिली. मजूर आणि त्याला नेणारा दलाल यांनी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे, कराराच्या अटी लेखी मांडायच्या, मुदत पाच वर्षांची. कागद म्हणून तो वाईट नव्हता. त्यात पगार होता, शिधा होता. मालक सोडून जाण्याचा हक्क तेवढा नव्हता. मळा सोडला तर ती केवळ करारातली कुचराई मानली जात नसे. तो गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता. मॉरिशसमध्ये कामावर एक दिवस आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत.

या साऱ्या वंशावळीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मॉरिशसचा १८६७ चा कायदा. तो करार संपलेल्या मजुरांसाठी होता. पाच वर्षे राबून माणूस मोकळा झाला, तरी त्याने आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सतत जवळ बाळगायचा. कुठे राहतो, काय काम करतो हे कागदाने सिद्ध करता आले नाही, तर त्याला भटक्या ठरवून पकडायचे. या जाचातून सुटण्याचा सोपा मार्ग एकच होता: पुन्हा एखाद्या मळेवाल्याशी करार करायचा. परक्या माणसाचे देशातले अस्तित्व त्याच्या नोकरीवर टांगून ठेवायचे, ही कल्पना इथे कायद्यात उतरलेली दिसते. १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या मळेवाल्याने या जाचाविरुद्ध अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठे केले. त्यातून चौकशीसाठी रॉयल कमिशन आले आणि मजुरांची कैफियत खरी ठरली.

गिरमिट, म्हणजे ही करारबद्ध मजुरी, मुळापासून उपटायची मागणी कायदेमंडळात लावून धरली ती आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचा हा माणूस. १९१० साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो सरकारने स्वीकारला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सबंध पद्धतच बंद करा, असा ठराव आणला. तो पडला, बाजूने २२ मते पडली. पण पाच वर्षांनी, महायुद्ध चालू असताना, सरकारला ही भरती थांबवावी लागली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतल्या उरलेल्या मजुरांचे करार रद्द झाले. गोखले तोवर हयात नव्हते.

गिरमिट गेली, पण तिच्यामागचा विचार आखातात जिवंत राहिला. परक्या कामगाराची हमी मालकाने घ्यायची ही कफाला पद्धत अरबी वाळवंटाची प्राचीन रीत आहे, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. बहारीनचे अभ्यासक ओमर अल्शिहाबी यांनी जुन्या दफ्तरांतून दाखवून दिले आहे, की आजच्या स्वरूपातली कफाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ब्रिटिश अंमलाखालच्या बहारीनमध्ये आकाराला आली. मोती काढायला बाहेरून येणाऱ्या माणसांवर देखरेख ठेवायला ब्रिटिशांकडे पुरेसे मनुष्यबळ नव्हते. मग जो माणूस आणतो, त्यानेच त्याची जबाबदारी घ्यावी, असा स्वस्तातला तोडगा निघाला. सरकारचे काम या कफिलाच्या, म्हणजे हमीदाराच्या, गळ्यात पडले आणि त्याबरोबर सरकारची सत्ताही त्याच्या हाती गेली.

१९७३ नंतर तेलाचा भाव भडकला आणि आखातात बांधकामांचा पूर आला. दापोली, खेड, मंडणगड, चिपळूणच्या गावांतली घरेच्या घरे तिकडे गेली. त्या घरांत आजही इकामा (राहण्याचा परवाना), कफील, रिलीज हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. कफिलाने ‘रिलीज’ दिल्याशिवाय दुसरीकडे कामाला लागता येत नसे आणि काही देशांत त्याच्या सहीशिवाय विमानातही बसता येत नसे. सौदीत ‘हुरूब’ची नोंद होई, म्हणजे माणूस कामावरून पळाला अशी मालकाची तक्रार. ती झाली की कामगार बेकायदा ठरे. पगार थकला म्हणून तो निघून गेला असला, तरी आधी गुन्हेगार तोच. मॉरिशसच्या मळ्यातून पळालेल्या मजुराचा गुन्हा आणि हा गुन्हा यांत मला काडीचा फरक दिसत नाही.

याच जाचातून ‘आझाद व्हिसा’ जन्मला. नावापुरता एखादा कफील गाठायचा, त्याला दरसाल पैसे मोजायचे आणि काम मात्र मिळेल तिथे करायचे. त्यासाठी बायकोचे दागिने गहाण पडतात, कर्ज होते. कायद्याच्या लेखी हा गुन्हा आहे. पण मालक बदलायची मोकळीक माणसाला इतकी मोलाची वाटते, की ती तो चोरून विकत घेतो, हे त्यातून कळते.

आपल्या सरकारने १९८३ साली नवा उत्प्रवासन कायदा केला. दहावी न झालेल्या माणसाला ठराविक देशांत नोकरीला जायचे तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते. हे पदही गिरमिटीच्या काळातले. यादीत १८ देश आहेत आणि आखातातले सहाही त्यात येतात. जानेवारी २०१८ मध्ये अशा लोकांच्या पासपोर्टला नारिंगी वेष्टन द्यायची घोषणा झाली. गरिबाच्या कपाळी शिक्का मारल्यासारखेच ते होते. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत सरकारने ती घोषणा मागे घेतली, हे योग्यच झाले.

शिकलेल्यांचा रस्ता वेगळा दिसतो, पण तोही त्याच घराण्यातला. ब्रिटनने १९६२ च्या कायद्यानंतर राष्ट्रकुलातल्या कामगारांसाठी तीन प्रकारची व्हाउचरे काढली. ‘ए’ मालकाने मागायचे; ‘बी’ मात्र डॉक्टर, परिचारिका अशा कसबी माणसाला स्वतः मागता येई. या ‘बी’ व्हाउचरकडे लक्ष द्यायला हवे, कारण नोकरी हाती नसतानाही परवाना कामगाराला देता येतो, हे त्याने दाखवले होते. अमेरिकेने १९५२ साली असामान्य गुणवत्तेच्या परदेशी माणसांसाठी ‘एच-१’ आणला आणि १९९० साली त्यातून ‘एच-१बी’ वेगळा केला. वर्षाला ६५,००० जागा. २००४ च्या कायद्याने अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज कंपनीचा. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी गाठा, नाहीतर मुलांची शाळा सोडवून सामान बांधा. २००० साली एक सवलत मिळाली: नव्या कंपनीने अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न पाहता तिथे रुजू होता येते. पुण्या-मुंबईच्या कितीतरी अभियंत्यांनी या एका सवलतीवर वाईट साहेब सोडला. पण ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग लांबत जाते आणि मालकाशी बांधलेली वर्षे वाढतच राहतात.

मालकांचे म्हणणे ऐकले पाहिजे. माणूस परदेशातून आणायला फी, वकील, तिकीट असा खर्च होतो. आल्या आल्या तो निघून गेला तर पैसे बुडतात. लहान कारखानदाराला हे जड जाते. पण त्यावर उपाय नोटीस-काळाचा आहे. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाचे ‘ना हरकत’ पत्र रद्द केले. नोकरी दोन वर्षांपर्यंतची असेल तर एक महिन्याची, त्याहून जास्त असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि मालक बदलायचा. जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्ट’ सुरू केले. शिक्षण, अनुभव, भाषा यांचे गुण पुरेसे भरले, तर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते आणि त्यासाठी आधी मालक लागत नाही. कतारचा कायदा कागदावर जितका चांगला आहे तितका बांधकामाच्या जागेवर उतरलेला नाही. सौदीने मार्च २०२१ मध्ये केलेल्या सुधारणांतून घरकामगारांना वगळले, आणि मालकाच्या चार भिंतींत राहणाऱ्या त्या बायकांनाच मोकळिकीची गरज सर्वांत जास्त होती. तरी दिशा बरोबर आहे. परवान्याचा पाया माणसाचे कसब असावे, एका मालकाची मर्जी नसावी.

ते होईपर्यंत, तुमच्या घरातून किंवा गावातून कुणी निघाले असेल तर एवढे करा. दलाल नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर स्वतः पाहा. त्याची फी कायद्याने ३०,००० रुपये आणि वरचा कर यापलीकडे जाऊ शकत नाही, पावती घ्या. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा काढल्याशिवाय पाठवू नका. त्याचा हप्ता काही शे रुपयांचा आहे. करार त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा, एक प्रत घरी ठेवा. आणि तिथे मालकाने पासपोर्ट मागितला, तर तो त्याच्याकडे ठेवायला देऊ नका म्हणावे. भारतीय पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.