क्लोरीनच्या आधीचे पाणी: सातारा आणि सांगली

सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे कृष्णेच्या खोऱ्यातली असली, तरी त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास एक नाही. छत्रपतींच्या काळात सातारकरांना यवतेश्वरच्या डोंगरातले पाणी खापरी नळांनी मिळे, आणि महादरे तलाव व वाड्यांमधले हौद हे त्याच व्यवस्थेचे भाग होते. १८४८ मध्ये राज्य खालसा झाल्यावर, १८५५ मध्ये, कास तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर, उघड्या पाटाने, सुमारे २५ किलोमीटरवरील शहरात उतरले. सांगलीची भिस्त मात्र दाराशी वाहणाऱ्या कृष्णेवर राहिली.

क्लोरीन या व्यवस्थेत बऱ्याच उशिरा आले. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन येथे विषमज्वराच्या साथीत ब्लीचिंग पावडरने जलवाहिन्या निर्जंतुक केल्या गेल्या, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीने संपूर्ण शहराच्या पाण्यात क्लोरीन नित्य मिसळण्यास सुरुवात केली. त्याने पटकी व विषमज्वर आटोक्यात आणले; त्याची दुसरी बाजू १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी उघड केली. कुजलेल्या पानांतून व मातीतून पाण्यात उतरणाऱ्या ह्यूमिक द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला, की क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात, आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास ती कर्करोगाला कारण ठरू शकतात असा संशय आहे.

म्हणजे क्लोरीनच्या या उपपदार्थांचे प्रमाण क्लोरीनच्या मात्रेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, क्लोरीनच्या आधीच्या पाण्यावर ठरते. डोंगरातले पाणी निर्मळ, ही समजूत येथे अपुरी पडते, कारण झाडीतून उघड्या पाटाने वाहणारे पाणी पानगळीचा अर्क सोबत घेऊ शकते. कासच्या पाटाऐवजी बंद वाहिनी आली, पण हा अर्क टाळण्याचा तिचा लाभ सहसा कोणी मोजत नाही. सांगलीची अडचण निराळी आहे. शेरीनाल्यातून कृष्णेत मिसळणाऱ्या सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्यांबरोबर अमोनियाही असतो, आणि अमोनिया क्लोरीन खाऊन टाकत असल्याने मात्रा वाढवावी लागते. त्यामुळे नाल्याचे पाणी धुळगावच्या शेतीकडे वळवण्याची योजना ही नदीच्या स्वच्छतेइतकीच नळाच्या पाण्याचीही बाब आहे.

शुद्धीकरण केंद्रातला उपायही क्रमाचाच आहे. कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडण्याऐवजी आधी तुरटीने गढूळपणा खाली बसवावा, वाळूच्या गाळणीतून पाणी काढावे आणि मगच क्लोरीन द्यावे, म्हणजे त्याच्याशी संयोग पावणारे द्रव्य पुष्कळसे आधीच निघून गेलेले असते. पावसाळ्यात गाळ वाढला की पहिल्याच टप्प्यावर क्लोरीनचा मारा करण्याची सवय अंगवळणी पडते, आणि तीच उपपदार्थांना सर्वाधिक पोषक ठरते. सक्रिय कोळशाची गाळणी प्रभावी असली, तरी खर्चिक आहे.

उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीनच कमी करणे मात्र अनाठायी होय, कारण दूषित पाण्याने होणारी गॅस्ट्रो आणि कावीळ हे आजचे संकट आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. त्याच मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मची मर्यादाही ०.२ मिलिग्रॅम आहे. या दोन जिल्ह्यांतील गावोगावी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर केल्या जाणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचा पिवळा रंग केवळ शिल्लक क्लोरीन दाखवतो. क्लोरोफॉर्म मोजण्यासाठी नमुना प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या यंत्रावरच तपासावा लागतो.