उत्तर मॅसिडोनिया : शिरगणती, भाषा आणि राज्य

या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी मुद्दाम एका लहान देशाची निवड केली आहे. बाल्कन द्वीपकल्पातील उत्तर मॅसिडोनियाचे क्षेत्रफळ २५,७१३ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या शिरगणतीनुसार तेथील रहिवासी १८,३६,७१३ आहेत. त्याची राजधानी स्कोप्ये ही मदर तेरेसांची जन्मभूमी. त्या १९१० साली जन्मल्या तेव्हा ते शहर उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात होते आणि या नावाचे राज्य नकाशावर नव्हते.

देशाला समुद्रकिनारा नाही. सर्बिया, कोसोवो, बल्गेरिया, ग्रीस आणि अल्बानिया यांनी तो वेढलेला आहे. वायव्येस उगम पावणारी वार्दार नदी स्कोप्येवरून दक्षिणेस वाहत ग्रीसमध्ये शिरते व थेसालोनिकी बंदराजवळ एजियन समुद्रास मिळते. व्यापार आणि सैन्ये यांचा मार्ग याच खोऱ्यातून गेला. उरलेला मुलूख डोंगराळ. नैर्ऋत्येस ओह्रिदचे अतिप्राचीन सरोवर आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या परिसरात संत क्लेमेंट यांनी स्लाव्ह भाषेतून शिष्य घडविले. ते आमचे, असे मॅसिडोनियन म्हणतात आणि बल्गेरियनही म्हणतात.

उस्मानी राजवटीत प्रजेची गणना भाषेवरून नव्हे, धर्मसंघटनेवरून होत असे. १८७० साली बल्गेरियनांचे स्वतंत्र धर्मपीठ मान्य झाले आणि ग्रीक धर्मपीठाशी त्याची चढाओढ सुरू झाली. पाठोपाठ सर्बियाही उतरला. गावोगावी तिघांच्या शाळा निघाल्या. ज्या शाळेत मूल गेले, त्या राष्ट्राच्या खात्यात कुटुंब जमा! १९०३ साली क्रस्ते मिसिर्कोव्ह यांनी येथील बोली ही स्वतंत्र साहित्यभाषा व्हावी, असे ग्रंथ लिहून मांडले. त्याच वर्षी २ ऑगस्टला तुर्कांविरुद्ध उठाव झाला. क्रुशेव्हो गावी स्थापन झालेले प्रजासत्ताक जेमतेम दहा दिवस टिकले. १९१३ च्या बुखारेस्ट तहाने मॅसिडोनियाचा प्रदेश ग्रीस, सर्बिया व बल्गेरिया यांच्यात वाटला गेला. सर्बियाच्या वाट्याला आलेला तुकडा म्हणजे आजचा देश. तेथील भाषेला प्रमाण लिपी व शुद्धलेखन मिळाले ते १९४५ साली, युगोस्लाव्हियाचे घटक प्रजासत्ताक झाल्यावर.

८ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमताने देश स्वतंत्र झाला. ग्रीसने नावावर हरकत घेतली, कारण त्याच्या उत्तर प्रांताचे नावही मॅसिडोनियाच आहे. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘माजी युगोस्लाव्ह मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ या लांबलचक तात्पुरत्या नावाने. पुढे ग्रीसने १९९४-९५ मध्ये व्यापारबंदीही लादली. जगाच्या वृत्तपत्रांनी या वादावर रकानेच्या रकाने भरले. माझ्या मते देशाचे जगणे-मरणे ठरले ते दुसऱ्याच प्रश्नावर.

तो प्रश्न अल्बानियन भाषिकांचा. पश्चिम व वायव्य भागात त्यांची दाट वस्ती आहे. २००१ साली त्यांच्या सशस्त्र गटांचा सरकारशी संघर्ष पेटला. १३ ऑगस्ट २००१ रोजी ओह्रिद करार झाला. त्यानंतरच्या घटनादुरुस्तीत अल्बानियन भाषेचे नाव घातलेले नाही. ‘किमान २० टक्के नागरिक बोलतात ती भाषा’ असा शब्दप्रयोग आहे. नगरपालिकेतही २० टक्क्यांचीच कसोटी. एकसभागृही संसदेत १२० सभासद असतात. भाषा, शिक्षण, संस्कृती यांविषयीच्या कायद्यांना एकूण बहुमताबरोबर अल्पसंख्य समाजांच्या सभासदांचेही बहुमत लागते. अध्यक्ष लोकांनी थेट निवडलेला असला तरी कारभार पंतप्रधानांच्या हाती असतो. यांत्रिक वाटणाऱ्या या तरतुदींनीच यादवी थोपविली, असे मी मानतो.

साहजिकच शिरगणती हाच राजकारणाचा गाभा झाला. सीमाभागातील श्रोत्यांना भाषेच्या रकान्याचे महत्त्व सांगावयास नको. २००२ मध्ये अल्बानियन २५.१७ टक्के होते. २०११ ची गणना वादांमुळे अर्ध्यावर सोडावी लागली. ती पूर्ण झाली थेट २०२१ मध्ये. तेव्हा मॅसिडोनियन ५८.४४ व अल्बानियन २४.३० टक्के भरले. तुर्क, रोमा, सर्ब हेही आहेत. स्कोप्येतील शुतो ओरिझारी नगरपालिकेत रोमांची बहुसंख्या असून त्यांची भाषा भारतीय आर्यकुळातील आहे. पाण्याला ते ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात.

नावाचा वाद १७ जून २०१८ च्या प्रेस्पा कराराने मिटला. सार्वमतात ९१ टक्क्यांहून अधिक कौल अनुकूल पडला, पण मतदान सुमारे ३७ टक्केच झाले. अखेर जानेवारी २०१९ मध्ये संसदेने ८१ मतांनी ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव स्वीकारले. २०२० साली देश नाटोत गेला. २०२४ मध्ये पहिल्या महिला अध्यक्षा गोर्दाना सिल्यानोव्स्का-दावकोव्हा यांनी शपथ घेताना ‘उत्तर’ हा शब्द वगळला, तेव्हा ग्रीसच्या राजदूत समारंभ सोडून गेल्या.

ग्रीस राजी झाल्यावर बल्गेरिया आडवा आला. मॅसिडोनियन ही बल्गेरियनचेच एक रूप, हे त्याचे जुने म्हणणे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने युरोपीय संघाची प्रवेशबोलणी अडविली. २०२२ साली तोडगा निघाला, त्याची अट अशी की राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करावा. त्यासाठी १२० पैकी ८० मते हवीत. २०२१ च्या शिरगणतीत स्वतःस बल्गेरियन म्हणविणारे रहिवासी होते ३,५०४.