लेझीम आणि शरीराचा तोल

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की नीरेच्या पुलाअलीकडे भोर तालुक्यातले सारोळे लागते. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. या बाजूच्या गावांत जत्रेच्या दिवशी पालखीपुढे लेझीम रंगते तेव्हा एक गोष्ट आवर्जून पाहावी. वाट मुरमाड, अंधार पडत आलेला. गडी वाकतात, बसतात, एका पायावर वळतात. पण खाली कोणी पाहत नाही. न पाहता पाय बरोबर पडतो. हे कसे साधते?

आधी लेझमीची पूर्वपीठिका पाहू. शब्द फारसीतून आला. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले, सरावाचे धनुष्य म्हणजे लेझीम. तिरंदाजाचे दंड आणि खांदे तयार करणे हे तिचे काम. पुढे धनुष्यबाणाची लढाई संपली, लेझीम मात्र उरली. साखळीत चकत्या खुळखुळू लागल्या, हलगी-घुमक्याची साथ मिळाली आणि युद्धाच्या सरावाचा सामुदायिक नाच झाला. त्या काळी ‘नाच’ हा शब्द घरंदाज माणसाला रुचत नसे. पण लेझीम तालमीत आणि शाळेच्या पटांगणावर ‘व्यायाम’ म्हणून वावरली, त्यामुळे तिला कोणी अडवले नाही.

आता शरीराकडे वळू. आपला तोल तीन साक्षीदारांवर अवलंबून असतो. पहिला डोळा. दुसरा कानाच्या आतला, डोक्याची हालचाल टिपणारा अवयव. तिसरा स्नायू आणि सांधे. आपला हात, पाय कुठे आहे हे ते मेंदूला सतत कळवत असतात. या तिसऱ्या जाणिवेला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये शास्त्रीय नाव दिले. लेझीम खेळताना हात पुढे गेला की शरीराचा भार पुढे झुकतो, म्हणून पोटऱ्या क्षणभर आधीच आवळाव्या लागतात. ‘चार आवाज’ हजारदा घोटले की हे सारे विचार न करता होते. शिवाय चूक लपत नाही. पाऊल चुकले की हाताचा ठेका चुकतो आणि सगळ्या रांगेत आपला आवाज वेगळा ऐकू येतो.

कथकातही हेच तत्त्व आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्या परंपरेत तत्कार पक्का होण्यास वर्षे लागतात, आणि पायाची चूक घुंगरू लगेच सांगतात. खेडे असो वा शहर, शरीराचे भान कानाने तपासले जाते.

आणि गिरक्यांचे काय? २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २९ बॅले नर्तिका आणि २० वल्हवणाऱ्या स्त्रीखेळाडूंची अंधाऱ्या खोलीत, फिरत्या खुर्चीवर तुलना केली. खुर्ची थांबल्यावर गरगरल्याची भावना नर्तिकांमध्ये लवकर ओसरली. लहान मेंदूच्या संबंधित भागातही फरक आढळला. मात्र या नर्तिका लहानपणापासून नाचणाऱ्या होत्या. दहा दिवसांच्या सरावाने असे काही घडेल, असा अर्थ त्यातून काढू नये.

तोलाची किंमत उतारवयात कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक. तोलाचा नियमित व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटते, असे २०१९ च्या एका व्यापक आढाव्यात दिसले. केवळ नृत्याविषयीचा पुरावा मात्र त्यात अपुराच ठरला.

म्हणून लेझीम हे औषध आहे, असे मी म्हणणार नाही. पण आज ती बहुतेक ठिकाणी मिरवणुकीपुरती आणि प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीपुरती उरली आहे. सण संपला की लेझीम खुंटीला. तोल मात्र रोजच्या सरावाने येतो आणि सराव सुटला की जातो. गावातल्या जुन्या खेळियांना हे ठाऊक आहे. त्यांच्याकडून चार आवाज शिकून घ्यायला शाळेचे पटांगण आणि रोजची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. हे खेळिये आहेत तोवर ते शिकून घ्यावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)