लंडनच्या एका लठ्ठ गृहस्थांचे पत्र

१८६३ साली लंडनमध्ये एक छोटी पुस्तिका छापली गेली. तिचे नाव होते 'लठ्ठपणाविषयी पत्र' आणि ते जनतेला उद्देशून लिहिलेले होते. लेखक विल्यम बँटिंग डॉक्टर नव्हते की शास्त्रज्ञ नव्हते. शवपेट्या बनवणाऱ्या आणि अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या एका पिढीजात पेढीचे ते मालक. इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्यविधींचे कामही याच पेढीकडे असे. (इन्शुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते फ्रेडरिक बँटिंग वेगळे, ते विसाव्या शतकातले.) पुस्तिका त्यांनी स्वखर्चाने छापून आधी फुकट वाटली. पाहता पाहता ती इतकी गाजली की वजन उतरवण्यासाठी पथ्य करण्याला इंग्रजीत 'बँट करणे' असे म्हटले जाऊ लागले. स्वीडिश भाषेत तर वजन कमी करण्यासाठी आजही 'बांता' हेच क्रियापद आहे.

साखर सोडून वजन उतरवण्याचा सल्ला आज आपल्याला चोहोकडून मिळतो. तो देणारा बहुधा पुढे एक वाक्य जोडतो : "मनावर ताबा पाहिजे!" या वाक्यात कितपत तथ्य आहे, हे पाहायला बँटिंग यांची गोष्ट उपयोगी पडते. तिला जोडून अमेरिकेतला एक प्रयोगही पाहावा लागेल.

उपाय थकले

ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंग यांचे वजन होते २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. उंची ५ फूट ५ इंच, वय पासष्टच्या घरात. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उलटा, पाठमोरे उतरावे लागे. त्याहून जास्त त्रास होई तो लोकांच्या हसण्याचा. घोड्यांच्या सार्वजनिक गाडीत किंवा सभेत बसायला गेले की टोमणे ऐकावे लागत. म्हणून अशा ठिकाणी जाणेच त्यांनी कमी केले होते.

हे गृहस्थ आळशी नव्हते. वजन वाढू लागल्यापासून त्यांनी एकेक उपाय करून पाहिला होता. एका वैद्यकीय मित्राच्या सांगण्यावरून ते रोज पहाटे नदीवर नाव वल्हवू लागले. स्नायू बळकट झाले, पण भूक अशी काही खवळली की वजन उलट वाढले. शेवटी त्याच मित्राने व्यायाम थांबवायला सांगितले! समुद्रस्नान, घोडेस्वारी, बाष्पस्नाने, झऱ्यांच्या गावी जाऊन तिथले पाणी पिणे, औषधांच्या बाटल्या असे सारे झाले. मग कोणी 'हलके आणि कमी खा' असे सांगितले. तेही केले. अशक्तपणा आला, अंगावर गळवे उठली, वजन मात्र होते तिथेच राहिले.

इतकी साखर आली कोठून?

बँटिंग यांचा रोजचा आहार त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. सकाळी भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेला पाव. दुपारी मांस, बिअर, भरपूर पाव आणि गोड पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखेच. रात्री फळांचे गोड पक्वान्न किंवा दूध-पाव. लंडनच्या सुखवस्तू घरातले हे साधेच जेवण.

पण दीडशे वर्षे आधीच्या इंग्रजाला ते साधे वाटले नसते. इंग्रजीतला साखरेचा शब्द अरबी-फारसी वाटेने आपल्या 'शर्करा' या शब्दावरून गेलेला आहे आणि मध्ययुगात साखर तिथे मसाल्यासारखी, चिमटीने वापरली जाई. १७०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये माणशी वर्षाला साधारण ४ पौंड साखर खाल्ली जात होती. १८०० च्या सुमारास हा आकडा १८ पौंडांवर गेला आणि पुढच्या पन्नास वर्षांत तो जवळपास दुप्पट झाला. ही साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून येई आणि ती पिकवली जाई आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून. १७९१ साली विल्यम फॉक्स यांच्या एका पत्रकानंतर ब्रिटनमधल्या हजारो कुटुंबांनी या गुलामीच्या साखरेवर बहिष्कार घातला होता. साखर सोडण्याची ही चळवळ वजनासाठी नव्हती, सदसद्विवेकासाठी होती. तरीही खप वाढतच गेला. १८७४ साली साखरेवरचा आयात कर रद्द झाला आणि ती गरिबाच्या चहातही मुबलक पडू लागली.

कानाच्या डॉक्टरांनी दिलेले पथ्य

१८६२ साली बँटिंग यांना ऐकू कमी येऊ लागले, म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या शल्यवैद्यांकडे गेले. (रक्ताभिसरण शोधणारे हार्वे दोन शतके आधीचे.) घशापासून कानापर्यंत जाणाऱ्या नळीवर आजूबाजूच्या चरबीचा दाब पडत असावा, असे हार्वे यांना वाटले. त्यांनी कानावर उपचार न करता आहारच बदलायला सांगितले.

ही कल्पना कोठून आली? हार्वे यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, हे बेर्नार यांनी दाखवून दिले होते. १८५७ साली त्यांनी यकृतातून ग्लायकोजेन हा साखरेचा साठाही वेगळा केला. या शोधाला हार्वे यांनी दोन नेहमीच्या निरीक्षणांची जोड दिली. जनावरे पुष्ट करायची असली की शेतकरी त्यांना गोड आणि पिष्टमय खाद्य देतात. उलट, मधुमेहाच्या रोग्याच्या अंगावरची चरबी झपाट्याने झडते. तेव्हा साखर आणि पिष्ट कमी केले तर चरबी उतरेल, असा त्यांचा तर्क होता. त्या काळी इन्शुलिन ठाऊक नव्हते, त्यामुळे या तर्कातल्या मधल्या पायऱ्या धूसरच होत्या.

पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद झाले. त्यांच्या जागी तिन्ही जेवणांत मिळून दिवसाला बारा ते पंधरा औंस मांस किंवा मासे, म्हणजे साधारण ३४० ते ४२५ ग्रॅम, बटाटा सोडून इतर भाज्या, थोडी फळे, कोरड्या टोस्टचा एखादा तुकडा आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. सोबत रोज बरेच पेले वाइनही होती. तिचे अनुकरण करायला आजचे कोणतेही डॉक्टर सांगणार नाहीत.

बँटिंग यांनी एक मजेदार उपमा दिली आहे. घोड्याचे रोजचे खाणे गवत आणि धान्य; घेवड्यासारखे दाणे त्याला कधीमधी चालतात, पण रोज दिले तर बाधतात. साखर आणि पाव हे माणसाच्या उतारवयातले असे दाणे आहेत!

ते नियमित वजन करून तारीखवार नोंदी ठेवत. सप्टेंबर १८६३ मध्ये काटा १५६ पौंडांवर आला. साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो उतरले. आठवड्याला एक पौंडही नाही. हा वेग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऐकूही नीट येऊ लागले आणि ते जिना सरळ उतरू लागले.

वैद्यकीय जगाने मात्र फारसे स्वागत केले नाही. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने सामान्य माणसाच्या या लुडबुडीवर टीका केली. तिच्यात एक मुद्दा रास्त होता. एका माणसाच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. शिवाय साखर, पाव, बिअर आणि पेस्ट्री एकदमच गेल्यावर नेमके काय कामी आले हे कसे सांगणार? आहारातले उष्मांक मोजण्याची पद्धत रुळायलाही अजून काही दशके जायची होती.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पत्रातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. 'कमी खा' हा सल्ला याच माणसाला पेलला नव्हता, आणि हे पथ्य मात्र त्यांनी वर्षभर सांभाळले. त्यांची इच्छाशक्ती एकाएकी वाढली का? तसे मानायला आधार नाही. बदलले होते ते ताट. नव्या ताटात प्रथिने भरपूर होती आणि प्रथिनांमुळे पोट भरल्याची जाणीव अधिक वेळ टिकते. ते उपाशी राहत नव्हते.

उपाशी माणसाचे मन

उपाशी राहिले की काय होते, हे नीट मोजले गेले ते ऐंशी वर्षांनी, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे डॉक्टरांना कळायला हवे होते. अँसेल कीज यांनी त्यासाठी ३६ निरोगी तरुण निवडले. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते. युद्धकाळात असा नकार देणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे. मनावर ताबा नाही, असे यांच्याविषयी कोणी म्हणू शकणार नाही.

फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० उष्मांकांचे अन्न मिळाले, म्हणजे आधीच्या निम्मे. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असा बेत असे. आठवड्याला २२ मैल चालायचे. वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले.

शरीरापेक्षाही विलक्षण बदल मनात झाले. गप्पा अन्नाच्या, स्वप्ने अन्नाची. स्वयंपाकात कधी रस नसलेले तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. जेवण पुरवून पुरवून खायचे, ताट चाटायचे, दिवसभर च्युइंगम चघळायचे. काहींनी गावात जाऊन चोरून खाल्ले, तेव्हा सोबती घेतल्याशिवाय बाहेर जायचे नाही असा नियम करावा लागला. अन्न पुन्हा मोकळे झाल्यावर पोट फुटेस्तोवर खाल्ले, तरी भूक भागल्यासारखे अनेकांना वाटत नव्हते. १९५० साली 'मानवी उपासमारीचे जीवशास्त्र' या दोन जाडजूड खंडांत हे सारे प्रसिद्ध झाले.

हे तरुण लठ्ठ नव्हते, त्यामुळे बँटिंग यांच्याशी त्यांची सरळ तुलना होणार नाही. पण निश्चयी माणसालाही दीर्घ उपासमारीत अन्नाशिवाय दुसरे सुचत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

याचे कारण हळूहळू उलगडले. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधले. ते मेदपेशींतून स्रवते आणि अंगात चरबीचा साठा किती आहे याची खबर मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू भूक वाढवतो. १९९९ साली जपानमध्ये जठरातून स्रवणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन सापडले. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, अगदी कमी उष्मांकांच्या आहाराने वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातील या संप्रेरकांचे प्रमाण वर्षानंतरही पूर्ववत झाले नव्हते आणि भूकही वाढलेलीच होती. म्हणजे उतरलेले वजन परत चढते तेव्हा नेहमी मनच दुबळे असते असे नाही. शरीर गेलेला साठा परत मागत असते.

गोडाची ओढ तर जन्मजातच असते. नवजात बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला की त्याचा चेहरा खुलतो. आईचे दूधही गोडच असते. गोड फळ सापडणे ही आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होती. चोवीस तास हाताशी असलेल्या साखरेच्या डब्यासाठी आपले शरीर घडलेले नाही.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या वर्गात बँटिंग यांचे आकडे गणितासाठी घेता येतील. पौंडांचे किलो करून किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायला सांगा. देहभार निर्देशांक सुमारे ३४ वरून २६ वर आलेला दिसेल. केतले यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या या गुणोत्तराला आजचे नाव १९७२ साली दिले ते याच कीज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मात्र हे गणित बँटिंग यांच्यावरच करावे, मुलांना वर्गात वजनकाट्यावर उभे करू नये. वाढत्या वयातल्या मुलांसाठी या निर्देशांकाचे वेगळे तक्ते असतात. वजनाची खरोखर चिंता असेल तर पालकांनी डॉक्टरांना भेटावे.

दुसरा हिशेब घरातल्या साखरेचा. महिन्याला किती किलो साखर आणि गूळ येतो, घरात माणसे किती, म्हणजे माणशी दिवसाला किती ग्रॅम? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, २,००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढाने अन्नात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमपर्यंत आणली तर अधिक चांगले. यात गूळ आणि मधही आले. दोन चमचे साखरेचे चार कप चहा झाले की सुमारे ४० ग्रॅम संपले.

साखर कमी करायची असेल तर ती आधी घरातून आणि मधल्या सुट्टीच्या खाऊतून कमी करावी. तिच्या जागी उसळ, शेंगदाणे, अंडे, फळ असे पोट धरणारे काही यावे. भुकेल्या मुलासमोर बिस्किटांचा पुडा ठेवून त्याच्या संयमाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आणि एखाद्या जाड मुलाला वर्गात 'खादाड' म्हणून चिडवले गेले, तर ते तिथल्या तिथे थांबवावे. सार्वजनिक गाडीतले टोमणे ऐकून बँटिंग यांचे वजन एक पौंडही कमी झाले नव्हते. त्यांनी फक्त गाडीत बसायचे टाळले. आपल्या वर्गातले मूल शाळेत यायचेच टाळू लागेल.